कसब्यातला वाडा, सहा सह्या आणि रुसलेली लेक

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पुण्यात कसबा पेठेत आमचा दोन चौकी वाडा आहे. घरात सगळे त्याला पेशवेकालीन म्हणतात. महापालिकेच्या वारसा यादीत तो ग्रेड तीनमध्ये आहे. आजोबांना तीन मुलं: माझे वडील, काका आणि आत्या. वडील-काका आता नाहीत, त्यामुळे मालक आम्ही सहा जण: मी, धाकटा भाऊ, काकांची तीन मुलं आणि ७९ वर्षांची आत्या. आत्या अजून वाड्यातच राहते, मी सिंहगड रोडला फ्लॅटमध्ये. वाड्यात पाच बिऱ्हाडं भाड्याने आहेत आणि रस्त्याच्या अंगाला एक बाइंडिंगवाला. सगळ्यांचं मिळून भाडं घरपट्टीलाही पुरत नाही. मागच्या चौकातला जिना खचलाय. गेल्या पावसाळ्यात धोकादायक इमारतीची नोटीस आली. आता एका बिल्डरने सात मजल्यांचा प्रस्ताव दिलाय. आम्हा सहांना एकेक फ्लॅट आणि थोडी रक्कम, भाडेकरूंनाही फ्लॅट. न्यू जर्सीतल्या चुलतभावाला दसऱ्याआधी विषय संपवायचाय. भाडेकरू राजी आहेत. आत्याची फक्त सही घ्यायची आहे. पण माझी मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. ती म्हणते, दोनशे वर्षांत जिथली वीट हलली नाही ते तुम्ही फ्लॅटसाठी विकताय. महिनाभर ती माझ्याशी धड बोलत नाही. पैसे मलाही हवे आहेत, हे लपवत नाही. वाडा पाडू देणं चूक आहे का?

उत्तर:

चूक आहे की नाही, हे आज मी सांगू शकत नाही. तुम्हीही सांगू शकत नाही, आणि तुमच्या पत्रातली खरी अडचण तीच आहे. सहा मालक, एक बिल्डर, एक होऊ घातलेली आर्किटेक्ट, पाच बिऱ्हाडं, सगळ्यांचं मत ठरलेलं आहे. वाडा नीट तपासलेला माणूस मात्र पत्रात कुठेच नाही. जिना खचला म्हणून चुलतभावाला वाडा मेलेला वाटतो. सागवानी खांब दिसतात म्हणून लेकीला तो अमर वाटतो. दोघांनीही हातात पेचकस घेतलेला नाही.

म्हणून सुरुवात तिथून करू. पुण्याचा जुना वाडा मुख्यतः लाकडी सांगाड्यावर उभा असतो. दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे दगड, तळखड्यावर खांब, खांबावर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत आणि वर मातीचा थर. मधल्या विटामातीच्या भिंती बऱ्याच ठिकाणी नुसत्या भरावाच्या असतात. त्यामुळे भिंतीला मोठी भेग पडली तरी वाडा शाबूत असू शकतो, आणि भिंत छान रंगवलेली असूनही आतला खांब बुडाशी भुसा झालेला असू शकतो. लाकूड कुजतं ते ठरावीक जागी: खांब तळखड्यावर टेकतो तिथे, तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथे, आणि पन्हळ फुटून पाणी मुरतं तिथे. पेचकसाचं टोक खांबाच्या बुडाशी दाबून बघा. लाकडाने दाद दिली नाही तर खांब धड आहे. दोन बोटं आत गेलं तर खांब कामातून गेला. तुमचा जिना मागच्या चौकात खचलाय, आणि वाड्यांमध्ये भाडेकरूंच्या मोऱ्या आणि संडास मागून जोडलेले असतात ते बहुतेक मागच्याच बाजूला. माझा अंदाज असा की जिन्याचा दोष वयाचा कमी आणि वरच्या मोरीच्या गळतीचा जास्त निघेल. अंदाजच आहे, पण तो तपासायला फार खर्च येत नाही.

तपासायला माणूस मात्र योग्य बघा. एरवीचा स्ट्रक्चरल ऑडिटर काँक्रीटवर हातोड्याचं यंत्र आपटून आकडा सांगतो. त्या यंत्राने सागवानाला काय विचारायचं? लाकडी आणि चुन्याच्या बांधकामाची दुरुस्ती प्रत्यक्ष केलेला इंजिनीअर किंवा संवर्धन-वास्तुविशारद हवा, तो पुण्यात मिळतो. आणि तो बिल्डरने पाठवलेला नसावा. एवढं कटाक्षाने पाळा.

नोटिशीचंही तसंच. धोकादायक इमारतीची नोटीस म्हणजे पाडण्याचा हुकूमच, असा सर्रास समज आहे आणि तो समज बऱ्याच जणांच्या सोयीचाही आहे. राज्यात अशा इमारतींची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे राहत्या माणसांसकट दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमची नोटीस कोणत्या वर्गाची आहे आणि ती अख्ख्या वाड्याला आहे की मागच्या भागाला, हे पत्रात नाही. कागद काढून वाचा.

आता लेकीकडे येतो. दोनशे वर्षांत वीट हलली नाही, हे तिचं वाक्य ऐकायला छान आहे, पण खरं नसावं. तुमच्या वाड्यावर मंगलोरी कौलं असतील तर छप्पर पेशवाईतलं नाही, कारण त्या कौलांचे कारखाने १८६५ नंतरचे. विटा पातळ आणि चपट्या असतील तर तो भाग जुना. आज मिळते तशा जाडीची वीट असेल तर भिंत नंतरची. पेशवाई संपली १८१८ साली, आणि पेठांमधले ‘पेशवेकालीन’ म्हणून सांगितले जाणारे कितीतरी वाडे त्यानंतर बांधलेले किंवा त्यानंतर निम्मेअधिक बदललेले आहेत. खुद्द विश्रामबागवाड्यालाही १८७९ मध्ये आग लागली आणि पुढचं काम नव्याने झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधले किती वाडे बसले, ते आत्याला विचारा, तिला आठवत असेल. तुमचा उभा राहिला, तरी पूर ओसरल्यावर खालचा भाग कोणी ना कोणी बांधून काढला असणारच. मग नळ आले, वीज आली, ओसरीत पार्टिशन घालून दोन बिऱ्हाडं झाली. प्रत्येक पिढीने वाडा आपल्या गरजेने बदलला म्हणून तो राहता राहिला. तेव्हा वारसा जपणं म्हणजे सगळं जसंच्या तसं गोठवणं, हे गृहीतच मुळात वाड्याच्या स्वभावाविरुद्ध आहे.

पण एका बाबतीत लेकीचं बरोबर आहे, आणि तिला तसं सांगा. आजवरच्या बदलांत चौक राहिला. चौकाने उजेड दिला, वारा दिला, मंगळागौर, मुंजी आणि वाटण्या-भांडणांना जागा दिली. रस्त्याकडचा दिंडी दरवाजा, देवडी आणि माडीच्या खिडक्यांची ओळ राहिली, म्हणून ती गल्ली कसब्यातली वाटते. सात मजल्यांत पहिला बळी चौकाचा जातो आणि रस्त्याच्या तोंडावर पार्किंगचे खांब येतात. पेठांतून चालताना हल्ली नजरेच्या उंचीवर घर दिसतच नाही, गाड्यांचे बंपर दिसतात. हे नुकसान तुमच्या कुटुंबाच्या हिशेबात येत नाही, पण शेजाऱ्यांच्या आणि गावाच्या येतं.

ग्रेड तीनबद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज असतात. मालकांना वाटतं, यादीत नाव आलं म्हणजे खिळाही ठोकता येणार नाही. बिल्डर सांगतो, ग्रेड तीन म्हणजे काहीच नाही, ते मी बघून घेतो. वस्तुतः ग्रेड एकमध्ये हात लावायला जवळजवळ मज्जाव असतो, तर ग्रेड तीनमध्ये आतबाहेर बदल, भर आणि नवा वापर यांना चांगला वाव असतो. प्रस्ताव वारसा समितीपुढे जातो आणि आजूबाजूच्या परिसराशी तो जुळतो का, हे पाहिलं जातं. ‘मी बघून घेतो’ हा शब्द करारात कसा लिहिणार, तेवढं बिल्डरला विचारा.

त्याहूनही आधी एक अंतर मोजून घ्या, कारण तुम्ही कसब्यात आहात. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी लागते. २०१० च्या दुरुस्तीने हे नियम प्राचीन स्मारकांच्या कायद्यातच पक्के केले. १०० मीटरच्या आत १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या घराची परवानगी घेऊन दुरुस्ती करता येते, पण ते पाडून सात मजले बांधायला परवानगी मिळत नाही. तुमचा वाडा त्या पट्ट्यात पडत असेल तर सगळी चर्चा तिथेच संपते, आणि दसऱ्याच्या घाईलाही अर्थ उरत नाही. पट्ट्यात नसेल तर पुढे वाचा. त्या पट्ट्यातल्या मालकांची मला खरंच कणव येते. त्यांचं घर ना पाडता येतं, ना दुरुस्तीला पैसा मिळतो.

इथे पैशाचं बोलायला हवं. पैसे हवेत असं तुम्ही सरळ लिहिलंत, ते आवडलं. वाडे अशा अवस्थेला आले त्यात मालकांची बेपर्वाई थोडी, कायद्याचा वाटा मोठा. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० सालच्या पातळीवर बांधली. १९९९ च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण पन्नास रुपयांवर ४ टक्के म्हणजे दोन रुपये. त्यात कौलं कोण चाळणार? आणि त्याच कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मात्र मालकावर ठेवली. म्हणजे शहराला वाडा हवा, त्याची किंमत सहा मालकांनी भरायची आणि गळती पाच भाडेकरूंनी सोसायची. ‘वाडे वाचवा’ म्हणणाऱ्यांनी या हिशेबाला तोंड दिल्याशिवाय तुमच्यासारख्यांना दोष देऊ नये, असं मला वाटतं. तुमच्या लेकीनेही.

यावर कागदोपत्री एक उपाय आहे, वारसा टीडीआर. वारशाच्या बंधनामुळे जे बांधकाम तुम्हाला करता येत नाही, त्याचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपात घेऊन दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायचा. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमांत ही तरतूद आली आणि राज्याच्या आताच्या एकात्मिक नियमावलीतही तिला जागा आहे. २०१७ मध्ये जागतिक वारसा शहर झालेल्या अहमदाबादेत पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांतल्या, घरमालकांना असा टीडीआर मिळाला आणि काहींनी तो विकून घरं दुरुस्त केली. पुण्यात तुमच्या वाड्याला किती मिळेल, बाजारात त्याचं काय येईल, दुरुस्ती त्यात भागेल का, हा आकडा आर्किटेक्टकडून लेखी काढून घ्या. फेऱ्या माराव्या लागतील आणि फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाईल, ही तयारी ठेवा. पण आकडा हातात नसताना बिल्डरची रक्कम मोठी की छोटी, हे कशाशी ताडून बघणार?

‘शहराला घरं हवीत’ हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही तपासून घ्या. घरं हवीतच. पेठेत शाळा, मंडई, दवाखाना, बस, आता मेट्रोही चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे चार कुटुंबं जास्त राहिली तर ती हिंजवडीच्या पलीकडे शेतात नवी सोसायटी उभी राहण्यापेक्षा बरी, हे मी मानतो. पेठा ओस पडून तिथे नुसती गोदामं आणि क्लासेस उरावेत, यात वारशाचं काही भलं नाही. पण बिल्डरचा नकाशा घेऊन मोजा: आज वाड्यात आत्या धरून सहा चुली आहेत. नव्या इमारतीत मालक आणि भाडेकरू सोडून किती घरं विक्रीला आहेत, आणि तुम्हा सहांपैकी तिथे राहायला कोण येणार आहे? तुम्ही सिंहगड रोडला, एक चुलतभाऊ न्यू जर्सीत. कुलूपबंद फ्लॅटने शहराची घरटंचाई हटत नाही.

सात मजले खरंच होतील का, हेही विचारा. पेठेत किती उंच आणि किती बांधता येईल, हे समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर फार अवलंबून असतं. म्हणूनच २०२० मध्ये महापालिकेत ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा एवढी चर्चा झाली. तुमची गल्ली किती मीटरची आहे? रस्तारुंदीत तुमच्या जागेची पट्टी जाते का? नकाशातले सात मजले आजच्या नियमांत बसतात की ‘शेजारचा वाडाही घेऊ’ या भरवशावर काढलेत? असे मोठे नकाशे दाखवून सह्या घेतलेल्या आणि मग वर्षानुवर्षं पत्र्याच्या कुंपणाआड गवत वाढत असलेल्या जागा पेठेत फिरलात तर दिसतील.

मला तुमच्या वाड्यासाठी जी वाट आधी तपासावीशी वाटते ती अशी. दोन चौकी वाडा आहे, हे तुमचं भाग्य. पुढचा चौक आणि रस्त्याचं तोंड दुरुस्त करून ठेवायचं, मागचा खचलेला भाग उतरवून तिथे नवी, बेताच्या उंचीची इमारत बांधायची. भाडेकरूंची घरं मागे, आत्या पुढे. पुढच्या माडीवर एखादं कार्यालय, अभ्यासिका किंवा पाहुण्यांच्या खोल्या अशी कमाईची सोय. वाड्याच्या वजनाला झेपेल असंच काही हवं. जिम काढू नका आणि मंगल कार्यालयही नको. पणजीच्या फोंतेन्हास या जुन्या वस्तीत घरांना पाहुणेघरांनी तारलं हे खरं, आणि दारात फोटो काढणाऱ्यांच्या झुंडींनी तिथले रहिवासी वैतागले, हेही तितकंच खरं. या वाटेने पैसे कमी मिळतील, हे आधीच सांगतो. सहा फ्लॅट निघणार नाहीत. कदाचित तुम्हा भावंडांना फ्लॅटऐवजी हिस्सा आणि टीडीआरची रक्कम मिळेल. पटत नसेल तर सोडा, पण आर्किटेक्टकडून तीन पर्यायांचे तीन आकडे काढून घ्या: पूर्ण दुरुस्ती, अर्धं-अर्धं आणि पूर्ण नवं. आज तुमच्यापुढे एकच आकडा आहे आणि तो विकत घेणाऱ्याने काढलेला आहे.

आणि तपासणीत सांगाडाच गेलेला निघाला, पुढचे खांबही पोकळ निघाले, तर? तर वाडा उतरवा. मनात अपराधीपणा ठेवू नका. आत माणसं राहतात, पावसाळा दरवर्षी येतो, आणि वारशाच्या नावाखाली कोणाच्या डोक्यावर तुळई पडलेली मला पाहायची नाही. मात्र उतरवण्याआधी वाड्याची मापं घेऊन नकाशे आणि फोटो होऊ द्या. फडताळात, पेटीत मोडी कागद असतील तर ते रद्दीत न घालता भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा. १९१० पासूनची ती संस्था आहे आणि तुमच्या घरापासून लांबही नाही. आणखी एक व्यवहाराची गोष्ट, जी मालकांच्या लक्षातच येत नाही: सागवान कोणाचं? पाडकामाचा ठेकेदार ‘मलब्यासकट’ काम घेतो तेव्हा त्या मलब्यात तुमचे खांब, तुळया, कोरलेली केळफुलं, दिंडी दरवाजा सगळं जातं. जुन्या सागवानाला बाजारात चांगला भाव आहे. ते मालकांचं राहील, असं करारात स्वतंत्र कलम घाला.

आता त्या वाक्याकडे येतो ज्यावर मी अडलो: ‘आत्याची फक्त सही घ्यायची आहे.’

तुम्ही सहा मालक सहा फ्लॅट असा हिशेब धरलाय. तो कुणी केला? आजोबांना तीन मुलं. आजोबांचं मृत्युपत्र नसेल आणि पूर्वी रीतसर वाटप झालेलं नसेल, तर साध्या हिशेबाने आत्याचा हिस्सा एक तृतीयांश निघतो. तुमच्या वडिलांच्या एक तृतीयांशात तुम्ही दोघे भाऊ, म्हणजे प्रत्येकी एक षष्ठांश. काकांच्या एक तृतीयांशात तिघं, म्हणजे प्रत्येकी एक नवमांश. दसऱ्याची घाई ज्याला झालीय त्याचा हिस्सा सर्वांत लहान, आणि जिची ‘फक्त सही’ हवीय तिचा त्याच्या तिप्पट. आजोबा कधी गेले, मिळकत वडिलोपार्जित की स्वकष्टाची, यावर तपशील बदलतील. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मुलींची बाजू बळकट केली आहे, एवढं मात्र नक्की. मिळकत पत्रिका आणि जुनी कागदपत्रं घेऊन वकिलाकडे जा. आत्यासाठी वेगळा वकील असेल तर उत्तम. तोवर तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद कोणीही ठेवू नये. ठेवला गेला तर तुम्ही हरकत घ्या, कारण त्या घरात तिच्या बाजूने बोलेल असं पत्रावरून तरी तुम्हीच दिसता.

हिश्श्याखेरीज दुसरं. ती ७९ वर्षांची आहे. बांधकामाला तीन वर्षं म्हणतात, पाच लागतात. बिल्डर देईल त्या भाड्यात तिला धायरीला किंवा आंबेगावला ठेवाल. तिचा कसबा गणपती, तिची भाजीवाली, ओळखीचे डॉक्टर, दुपारी येऊन बसणारी शेजारीण, सगळं मागे राहील. तिच्या वयाच्या माणसाला ‘नंतर नवा फ्लॅट मिळेल’ हे वचन देताना आपण काय देतोय, याचा विचार करा. अर्ध्या-अर्ध्या पर्यायात मागचं काम चालू असताना ती पुढे राहू शकेल का, हे इंजिनीअरला विचारण्याच्या पहिल्या प्रश्नांपैकी असू द्या. आणि तिला काय हवंय हे कोणी विचारलंय का? कदाचित ती म्हणेल, कंटाळा आला बाई या अंधाऱ्या मोरीचा, मला लिफ्ट हवी. वाड्याबद्दलचा उमाळा बहुतेकदा वाड्याबाहेर राहणाऱ्यांनाच जास्त असतो.

भाडेकरू राजी आहेत, ते स्वाभाविक आहे. त्यांना अडथळा समजू नका आणि गृहीतही धरू नका. वाडा आपोआप पडू दिला की भाडेकरूंचा हक्क संपतो, अशी एक हलकी कुजबुज मालकांमध्ये असते. तसं नाही. इमारत गेली तरी भाडेहक्क टिकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. प्रत्येक भाडेकरूशी कायमच्या पर्यायी जागेचा नोंदणीकृत करार हवा. त्यात क्षेत्रफळ, मजला, मधल्या काळातलं भाडं आणि ताबा द्यायची तारीख हवी. बाइंडिंगवाल्याला विसरू नका. त्याला तिसऱ्या मजल्यावर गाळा देऊन उपयोग नाही, त्याचं गिऱ्हाईक रस्त्यावरून येतं.

बिल्डरच्या कागदांबद्दल थोडक्यात. रद्द न होणारं सरसकट कुलमुखत्यारपत्र देऊ नका. काम अर्धवट सोडलं तर भरपाई होईल अशी बँक हमी मागा. वाडा रिकामा करण्याची अट बांधकाम परवानगी हातात आल्यानंतरचीच असावी. आणि विक्रीत किंवा बांधकामात हिस्सा घेणारा जमीनमालक महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, दृष्टीने प्रवर्तक (प्रमोटर) ठरतो, म्हणजे उद्या फ्लॅट घेणाऱ्यांची तक्रार तुमच्याही दारात येऊ शकते, हे न्यू जर्सीलाही कळवा.

असाच पेच असलेल्या इतर वाचकांसाठी: मुंबईत गिरगाव, दादरच्या उपकरप्राप्त इमारतींचे, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींचे, नियम वेगळे आहेत. तिथे ५१ टक्के रहिवाशांच्या संमतीवर पुनर्विकास पुढे जातो, त्यामुळे उरलेल्या ४९ टक्क्यांनी कागद वेळेत वाचायला हवेत. गिरगावातल्या खोताच्या वाडीसारख्या ठिकाणी एकेका घराचा निर्णय अख्ख्या वाडीचं रूप बदलतो, तेव्हा शेजाऱ्यांशी आधी बोला. नाशिक, वाई, साताऱ्यात वाडा यादीत नसेल तर बंधन नाही आणि वारसा टीडीआरही नाही. तिथे आपण होऊन यादीत नाव घालण्याचा विचार फायद्याचा ठरू शकतो, पण तो आकडेमोड करूनच.

चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर एवढंच सांगा की तपासणीचा अहवाल, हिश्श्याचा कागद आणि तीन पर्यायांचे आकडे आल्यावर सही, त्याआधी नाही. दिवाळीनंतरचा एखादा महिना पकडा. खरा बिल्डर तेवढा थांबतो, आणि जो थांबत नाही त्याच्या घाईचं कारण जाणून घ्यायला हवं. तपासणीची फी सगळ्यांनी हिश्श्याने भरायची, एक नवमांश त्यानेही.

लेकीशी वाद घालू नका, तिला काम द्या. चौथ्या वर्षाची मुलगी वाड्याची मापं उत्तम घेऊ शकते. वर्गातली दोन मुलं सोबत घेऊन पुढच्या चौकापासून सुरुवात करू दे, आणि दुपारी आत्याजवळ बसून कोणती भिंत कधी घातली ते टिपून घेऊ दे. वाडा ठेवा किंवा उतरवा, ते नकाशे इंजिनीअरला आणि वारसा समितीला लागणारच आहेत. फक्त मागच्या जिन्यावर कोणालाही चढू देऊ नका. त्याला लोखंडी टेकू लावायचं काम अहवालाची वाट न बघता याच आठवड्यात करून घ्या, आणि वरच्या मोरीचा नळ तोवर बंद ठेवा.